गट्टूखालची माती

नत्थूजी परात्यांनी एकतीस वर्षं नागपूरचे रस्ते दुरुस्त केले. वडील मागावर बसायचे. माग बंद पडला तसा मुलगा महापालिकेच्या रस्त्याच्या गँगमध्ये लागला. नंदनवन वस्तीत ते आमच्या शेजारीच राहतात. खड्डा कसा बुजवायचा हे ते आजही कोणी न विचारता सांगतात. कडा चौकोनी कापायच्या, आतला चिखल पार काढायचा, डांबर शिंपायचं, गिट्टी भरायची आणि दाबायची. "ओल्या खड्ड्यात माल टाकला तर ते काम नाही, लोकाईले फसवनं आहे," असं म्हणतात.

त्यांची बायको यमुताई साड्यांना फॉल लावायची. तयार झालेल्या साड्या घेऊन रोज सकाळी मेन रोडवरच्या दुकानात पायी जायची. गेल्या उन्हाळ्यात त्या रस्त्याला फुटपाथ झाला. सिमेंटचे लाल-पिवळे गट्टू बसवून राहिले होते तेव्हाच नत्थूजींनी मुकादमाला हटकलं.

"खाली गिट्टीची चुरी टाक ना गा, अन् चांगलं ठोकून घे. नाही तं पावसात खचते हे."

"काका, तुम्ही रिटायर झाले ना? मग आराम करा."

सप्टेंबरात यमुताईच्या पायाखालचा गट्टू खचला. ती उजव्या हातावर पडली आणि मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण बोटांत सुई ठरेना. दुकानदाराने काम दुसरीला दिलं. तोही किती दिवस थांबणार?

आमच्या गल्लीतल्या मयुराने फोनवरून तक्रार टाकली होती. चार दिवसांत उत्तर आलं, तक्रार निकाली. सोबत दुरुस्त केलेल्या फुटपाथचा फोटो. फोटोत मागे मेट्रोचा खांब उभा होता. आमच्या रस्त्यावरून मेट्रो जातच नाही. कोणत्या तरी भलत्याच ठिकाणचा फोटो चिकटवून एका बाईचं मोडलेलं मनगट कागदावर मिटवून टाकलं होतं.

नत्थूजी महापालिकेच्या ऑफिसात गेले. तीनदा साहेब मीटिंगला होते. चौथ्यांदा नवीन आलेली इंजिनिअर भेटली, ऋतुजा नावाची. तिने फाइल काढली. आत लिहिलं होतं: 'पाहणी केली, काम समाधानकारक.'

"कोनं पाहिलं, मॅडम?" नत्थूजींनी विचारलं. "मी एकतीस वर्षं हेच केलं. पाहनारा मानूस गट्टू उचलून पाहते. यानं काय पाहिलं?"

मॅडमने फाइल बंद केली आणि म्हणाली, "उद्या मी स्वतः येते."

ती खरंच आली. कंत्राटदाराचा माणूसही आला. तो हसत म्हणाला, "पाऊस जास्त झाला, मॅडम. अन् बायाही खाली पाहून चालत नाहीत."

यमुताई बाजूलाच उभी होती. ती एरवी चार माणसांत बोलत नाही.

"मी खाली पाहूनच चालत होती," ती म्हणाली. "वरून सारं चांगलंच दिसून राहिलं होतं. खड्डा दिसला असता तर मी पाय कायले ठेवला असता?"

त्या माणसाने फोन काढून त्यात डोकं घातलं.

नत्थूजींनी घरून पहार आणली आणि गट्टू उचकटायला सुरुवात केली. खाली काळी भुसभुशीत माती, त्यात गुटख्याच्या पुड्या. चुरीचा कण नाही. वीस पावलांवर पुन्हा उचकटलं, तीच माती. शाळेच्या वळणावर उचकटलं, तीच. त्या वळणावरून रोज दीडशे पोरं चालतात. सत्तरीला आलेला माणूस घामाने निथळत होता, पण पहार कोणाला देईना. मॅडमने प्रत्येक ठिकाणचे फोटो काढले, तिथेच पंचनामा लिहिला आणि तिथे जमलेल्या आम्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

दोन महिन्यांनी काम सुरू झालं. तोच कंत्राटदार, तोच मुकादम. नत्थूजी रोज सकाळी जाऊन उभे राहायचे. चुरी टाकायला लावली, पाणी मारायला लावलं, तीन-तीनदा ठोकायला लावलं. यावेळी मुकादम उलटून बोलला नाही. पण साठ फूट झाल्यावर कंत्राटदाराची गाडी सामान घेऊन निघून गेली. उरलेलं म्हणे पुढच्या टप्प्यात. शाळेचं वळण उरलेल्यातच आहे. 'समाधानकारक' लिहिणाऱ्याचं काय झालं, ते आम्हाला आजवर कोणी सांगितलं नाही.

गल्लीत कोणी तरी नत्थूजींना हार घालायचं काढलं, तर ते भडकले.

"हार कायचा? मानसाले पायी चालता यावं एवढंच मांगितलं होतं. तेही साठच फूट भेटलं. अन् हिचा हात कोन देते वापस?"

यमुताई आता भाजी आणायला बाहेर पडते तेव्हा साठ फूट फुटपाथवरून जाते, मग खाली उतरते आणि ऑटोवाल्यांचे हॉर्न खात डांबराच्या कडेने चालते. डाव्या हातात पिशवी असते.

परवा नत्थूजींनी उरलेल्या रस्त्यासाठी अर्ज दिला. मयुराने घरोघर फिरून बासष्ट सह्या जमवल्या होत्या. काउंटरवरचा बाबू म्हणाला, ठेवून जा, पाहू. नत्थूजी तिथेच बाकावर बसले. दुपारची जेवणाची सुट्टी संपली, बाबू परत आला, तरी ते बसलेलेच. शेवटी चार वाजता अर्जाची शिक्का मारलेली पोच हातात मिळाली, तेव्हाच ते उठले.