सरांची सोबत

आमच्या इंग्रजीच्या सरांइतका वाट चुकणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही. झरीहून सोनपेठच्या बाजाराला निघालेले सर संध्याकाळी ताडकळसला कुणाच्या तरी ओट्यावर चहा पीत सापडत, आणि वर आणायला गेलेल्यालाच 'तू इकडं कसा?' म्हणून विचारत. एसटीची पाटी त्यांनी कधी वाचली नाही. ज्या गाडीत बोलायला माणूस भेटेल ती त्यांची गाडी.

इंग्रजी शब्दाच्या बाबतीत मात्र ते जराही इकडचे तिकडे होत नसत. नुसता अर्थ पाठ केलेला त्यांना खपत नसे. शब्द कुठे वापरतात, कुणाविषयी वापरतात, तेही सांगावं लागे. 'अस्ट्रे' म्हणजे भरकटलेला, हा शब्द त्यांनी आम्हाला आठवडाभर पुरवला. मेंढरू अस्ट्रे जातं, माणूस जातो, टपालातलं पत्रसुद्धा जातं. पानटपरीवाल्यालाही त्यांनी तो पाठ करायला लावला होता.

माझी दहावी झाली त्याच वर्षी सर निवृत्त झाले. मला परभणीच्या कॉलेजात जायचं होतं आणि बाबा अडून बसले होते. आम्ही मेंढरांवर जगणारी माणसं. पोरगी शहरात बहकेल, असं त्यांचं ठाम मत. लग्नाची बोलणीही सुरू झाली होती. सर घरी आले आणि तासभर बाबांना अस्ट्रे शिकवत बसले. पत्र भरकटलं तर त्यात पत्राचा काय गुन्हा, असं त्यांचं म्हणणं. बाबा तंबाखू मळत होते. शेवटी सर म्हणाले, "मला रोज परभणीत काम असतंय. मी नेतो, मीच आणतो."

बाबांनी मळलेली तंबाखू दाढेखाली धरली. "सर, तुमी लय शिकलेले, पण तुमाला सोनपेठ सापडत न्हाई. तुमच्यासंगंच कुणीतरी पाहिजे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जा गं. सरांला रोज नीट नेत जा."

अशी सरांना सांभाळायच्या कामावर माझी नेमणूक झाली आणि माझं कॉलेज सुरू झालं. दोन वर्षं मी त्यांना बाहीला धरून गाडीत चढवलं. पुढे नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा बाबा स्वतः सोडायला आले. वाटेत परभणीच्या स्टँडवर चहा घेताना कँटीनवाल्यानं विचारलं, "म्हातारे सर न्हाई आले? तुझं कॉलेज सुटंपर्यंत त्या बाकड्यावरच बसून ऱ्हायचे की."

बाबांनी चहा तसाच ठेवला.

मी आज जी काही आहे ती त्या बाकड्यामुळे. सर आता फारसे घराबाहेर पडत नाहीत. गावी गेले की मी त्यांच्याजवळ बसते, आणि त्यांच्या परभणीतल्या कामाचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.