कोनफळाचं बेणं

दापोलीजवळचं आगर विकलं त्या जानेवारीत सासूबाईंनी शेवटचं कोनफळ खणून माझ्या हवाली केलं. आतून गडद जांभळं, त्यांच्या सासूबाईंपासून जपलेलं वाण. "माझ्याकडे आता ठाण्याचा फ्लॅट आणि दोन कुंड्या. तूच राख बेणं," म्हणाल्या. चंडीगढला आमच्या सरकारी क्वार्टरमागे ऐसपैस जागा होती. मी ऐटीत हो म्हटलं.

परतीच्या प्रवासातच त्याला कोंब दिसले. कोंब दिसला की लावून मोकळं व्हायचं, एवढंच मला ठाऊक. कोकणात थंडीला विचारायची वेळ येत नाही. शेजारच्या सरदारीण आजींनी कुंपणावरून हटकलं, "बेटा, होली से पहले मत लगाना. कोरा मार देगा." कोरा म्हणजे गोठलेलं दव. माझं माहेर शेतकऱ्याचं, मला या शिकवणार? दोन दिवस बरं ऊन पडलं तशी मी कोनफळ कापून सगळ्या फोडी लावून टाकल्या. एकही मागे ठेवली नाही.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी हिरवळ पांढरी दिसली. कोंब काळे पडले होते. थोडे दिवस वाट पाहून उकरलं, तर फोडी बोटांना लिबलिबीत लागल्या. आजी पलीकडे उभ्या होत्या. मी तोंड फिरवून आत गेले.

"वेल चढला का गं?" सासूबाई फोनवर विचारत, आणि मी तो चढवत राहिले. जुलैत त्यांनी फोटो मागितला, तेव्हा आजींच्याच कुंपणावरच्या गुळवेलीचा काढून पाठवला. पानं साधारण तशीच. "छान," एवढंच उत्तर आलं. सुटले, असं वाटलं. आजही ते आठवलं की कान तापतात.

दिवाळीला त्या आल्या. चहा घेऊन मागच्या अंगणात गेल्या. मी बरोबर होते.

"मला गुळवेल ओळखू येत नाही असं वाटलं तुला?" आवाज चढला नव्हता. "मार्चात जरी बोलली असतीस, तर जाऊन आगर उकरलं असतं. खणताना तुटलेले तुकडे मातीत राहतातच. मेमध्ये नव्या मालकांनी सगळं बुलडोझरने सपाट केलं."

चुकलं, एवढं तरी म्हणायचं होतं. मी म्हटलं, "आई, यंदा इथे थंडीच फार पडली हो."