जेवता जेवता हरणारी

माझी नणंद जगात कुणाशीही हरू शकते. समोर कुणीतरी असायला हवं अशीही तिची अट नाही. तिला मी देवापुढे उदबत्ती लावताना हरलेली पाहिली आहे, टेमघरच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघताना हरलेली पाहिली आहे, आणि संध्याकाळी जेवायला बसून हरताना तर घरातल्या सगळ्यांनीच पाहिली आहे. स्क्वॉश खेळणं हा तिचा पेशा. म्हणजे चार भिंतींच्या बंद खोलीत दोघींनी आळीपाळीनं समोरच्या भिंतीवर एवढासा रबरी चेंडू हाणायचा, आणि जिला तो परत मारता आला नाही तिचा गुण गेला. लग्न होऊन कल्याणहून या घरात आले तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी तिला कोळंबीचं कालवण वाढत होते. "अजून वाढू का?" म्हणून विचारलं, तर ती समोरच्या भिंतीकडे बघत बसलेली. डावा खांदा जरा हलला, मग उजवा, मग मान खाली गेली आणि ती पुटपुटली, "गेला." मी घाबरून कालवणात बघितलं, काय गेलं म्हणून. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुला न्हाय बोलली गो. ती खेलतेय." मी विचारलं, "कुणाशी?" तर म्हणाल्या, "ती लांबडी हाय ना, तिच्याशी."

ही लांबडी म्हणजे इजिप्तची एक उंच, शांत चेहऱ्याची खेळाडू. परदेशात कुठल्या कुठल्या स्पर्धांमध्ये माझ्या नणंदेची तिच्याशी गाठ पडली होती आणि प्रत्येक वेळी नणंद हरली होती. तेवढ्यावर थांबली असती तर ती माझी नणंद कसली! हरून परत येताना ती लांबडीला मनात घालून घरी घेऊन आली, आणि तेव्हापासून ती बाई आमच्याकडे रोज संध्याकाळी येत होती. दिवेलागण झाली, ताटं मांडली, की नणंदेचे डोळे हळूहळू लांब जायचे. घास हातातच राहायचा. मग आम्हीही आपोआप हळू बोलायला लागायचो, वाटी जपून ठेवायचो. शेजारच्या कापडाच्या कारखान्यातल्या लूमचा खटखटाट तेवढा भिंतीपलीकडून येत राहायचा आणि त्या खटखटाटात, खोटं कशाला सांगू, काही महिन्यांनी मलासुद्धा तो चेंडू ऐकू यायला लागला.

ज्या भिंतीकडे ती बघायची, तिच्यावर काहीही टांगायला बंदी होती. कॅलेंडर नाही, देवाची तसबीर नाही, साधा खिळासुद्धा नाही. पडघ्याच्या आत्यांनी एकदा हौसेनं मोठं घड्याळ आणलं, सोनेरी कडेचं, तासाला कोकिळा ओरडणारं. आत्यांनी स्वतः स्टुलावर चढून जागा ठरवली, तर ही म्हणाली, "आत्या, तिथं नको. बॉल लागेल." आत्यांनी खोलीभर बॉल शोधला. मग खाली उतरून त्यांनी सासूबाईंना बाजूला घेतलं आणि एखादा चांगला डॉक्टर बघायचा सल्ला दिला. ती कोकिळा आता माझ्या खोलीत ओरडते.

खरं कोर्टही तिला होतं. मानकोलीला आमच्या शेतजमिनीवर आता गोदामं उभी आहेत. त्यातला एक गाळा सासऱ्यांनी कुणाला दिला नाही, लेकीसाठी त्यात कोर्ट बांधून घेतलं. बाहेर कंटेनर मागेपुढे होतायत, आत ही एकटी भिंतीशी भांडतेय. कोर्ट बांधणारा मिस्त्री मोठा भाविक. सगळं मापात झालं, पण त्यानं समोरच्या भिंतीत मधोमध गणपतीसाठी एक सुबक कोनाडा ठेवला. पहिल्याच दिवशी चेंडू त्या कोनाड्यात जाऊन बसला आणि बाहेर यायला तयार होईना. कोनाडा बुजवला, तरी त्या जागी चेंडू अजून जरासा मंद परततो. तो गुण मात्र ही धरायची नाही. "तो बाप्पाचा," म्हणायची. थंड चेंडू उडत नाही, म्हणून सकाळी निघायच्या आधी सासूबाई तिचा चेंडू भाकरीच्या तव्याशेजारी शेकायला ठेवायच्या. एकदा माझ्या नवऱ्यानं तो जांभूळ समजून उचलला होता; पण ते जाऊ दे, त्यांना आवडणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मनातच खेळायचं तर माणसानं जिंकावं की! मीही तेच म्हटलं होतं. मनातल्या लाडवाला तूप घालताना कुणी हात आखडता घेतं का? पण ही बाई मनातसुद्धा काडीची लबाडी करायची नाही. समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची एक पट्टी असते, तिला टिन म्हणतात. चेंडू तिला लागला की गुण गेला. तर भात कालवता कालवता ही मध्येच दचकायची आणि स्वतःच्याच विरुद्ध निकाल द्यायची, "टिन." मी म्हणायची, "अगं, कुणी बघितलंय?" त्यावर ती माझ्याकडे अशी बघायची, की जणू मी तिला दानपेटीत हात घालायला सांगितला आहे. "वहिनी, तिथं रेफरी मीच असते ना," ती म्हणायची. लांबडीला मात्र ती सगळं द्यायची. लांबडीचा प्रत्येक चेंडू अचूक, लांबडी कोपऱ्याकोपऱ्यात पोचणारी. आणि मग ही हरायची, ताट सरकवायची, आणि सासूबाई म्हणायच्या, "जेव गो बाय. तिला पन बोलाव जेवाला. रोज येते बिचारी, उपाशीच जाते." सासूबाईंचा त्या परक्या पोरीवर हळूहळू जीव जडला होता. सणाला गोडधोड केलं की "लांबडीला चालतं का गो गूळ?" असं त्या खरोखर विचारायच्या.

याच काळात तिला बघायला कल्याणची माणसं आली. माझ्याच माहेरच्या ओळखीतली, त्यामुळे माझा जीव टांगणीला. मुलगा सालस होता. त्यानं घसा साफ करून विचारलं, "तुम्हाला फिरायला आवडतं का?" ही पोह्यांची बशी हातात धरून भिंतीकडे बघत म्हणाली, "एक मिनिट हं, शेवटचा पॉइंट आहे." सगळे थांबले. मिनिटभरानं हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाची आई उठली आणि मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "पोरीच्या मनात दुसरं कुणीतरी आहे, आम्हाला आधी सांगायचंत." आता मी काय सांगणार? होतंच की कुणीतरी.

शेवटी पुण्याच्या एक मॅडम शोधल्या, खेळाडूंचं मन बघणाऱ्या. त्या फोनवर दिसायच्या, गोड बोलायच्या. त्यांनी सांगितलं, रोज डोळे मिटायचे आणि आपण जिंकतोय असं बघायचं; मन जे बघतं ते शरीर शिकतं. हिनं मनापासून प्रयत्न केला. डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि थोड्या वेळानं डोळे उघडून खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, ती बॉल सोडत नाही हो पण." मॅडमनी समजावलं, की ही तुमची कल्पना आहे, तिला सोडायला लावा. त्यावर ही कळवळून म्हणाली, "असं कसं? ती चांगली खेळते!" मॅडमनी स्वतःच डोळे मिटून घेतले.

आणि मग मुंबईच्या स्पर्धेचा ड्रॉ निघाला. पहिल्याच फेरीत लांबडी. हिनं फोन खाली ठेवला आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, या वेळी नाही हरवलं ना, तर तो मानकोलीचा गाळा देऊन टाका कुणाला. माझं बास झालं." ती रागानं बोलली असती तर मी मनावर घेतलं नसतं. पण ती शांतपणे बोलली. सासरे नुसते गळ्यातली साखळी चाचपत राहिले. मग म्हणाले, "मना त्या खेलातलं काय समजत न्हाय. पन गाला तुझा हाय. तू बोलशील तवा." त्या संध्याकाळी लांबडी आली नाही. हिनं बोलावलीच नाही बहुतेक. पहिल्यांदाच ती पूर्ण जेवली, आणि ते बघून मला रडू आलं.

मॅचला आम्ही सगळे गेलो. मोठ्या क्लबातलं कोर्ट, सगळ्या भिंती काचेच्या, आजूबाजूला अत्तर लावलेली माणसं, आणि त्यांच्यात सासूबाई तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून. सुकटीच्या वासापुढे पहिल्यांदा अत्तर हरलं. लांबडी समोरून आली तशा सासूबाई उठल्या, सरळ तिच्यापाशी गेल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आलीस गो बाय? किती वाललीस!" त्या पोरीला काय कळणार? पण ती वाकली आणि छान हसली. इतकी वर्षं आमच्याकडे येत होती. हसताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पाचांतले तीन गेम जी घेईल तिची मॅच. पहिले दोन लांबडीनं घेतले. दोन गेमच्या मध्ये खेळाडू बाहेर येऊन बसतात. माझ्या नवऱ्यानं तिथं उपदेशाचा सपाटा लावला, "अरे यार, तिला पुढे बोलव ना, पुढे! तू मागेच काय खेळत बसलीस?" हिनं टॉवेलनं तोंड पुसलं. "दादा, गप. इथपर्यंतचं सगळं ओळखीचं आहे मला. अशी मी आपल्या घरी कितीतरी वेळा हरलेय." आणि खरंच, हिचा चेहरा अगदी स्वस्थ होता.

तिसऱ्या गेममध्ये एक चेंडू संपता संपेना. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मागे, पुढे, पुन्हा मागे. तो गुण कुणाला मिळाला ते मी विसरले. त्यानंतर जे झालं ते विसरणार नाही. लांबडी वाकली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उभी राहिली, आणि तिच्या श्वासानं समोरची काच धुरकट झाली. माझी नणंद हातात चेंडू धरून तिच्याकडे बघतच राहिली. रेफरीनं खेळायला सांगितलं तेव्हा कुठे ती हलली. तो गेम तिनं घेतला, बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि आश्चर्यानं म्हणाली, "वहिनी, ही दमते."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"आपल्या घरची कधी दमत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या वेड्या मुलीनं मनातल्या लांबडीला सगळं सगळं दिलं होतं, ताकद, नजर, लांब हात. आणि तिला धाप लागते एवढंच द्यायचं राहून गेलं होतं. इतकी वर्षं ती जगात कुठेच नसलेल्या बाईशी हरत होती. खऱ्या लांबडीशी खेळणं त्यामानानं सोपंच म्हणायचं.

चौथाही गेम हिनं घेतला, आणि पाचव्या, शेवटच्या गेमचा शेवटचा चेंडू डाव्या कोपऱ्यात अगदी अलगद टाकला. लांबडी धावली, हात लांब केला, आणि चेंडू तिच्या रॅकेटखालून निसटला. लोक उभे राहिले, टाळ्या झाल्या. आणि माझी नणंद मधोमध रॅकेट उचलून तशीच उभी, त्या चेंडूची वाट बघत. घरी तो चेंडू नेहमी परत यायचा ना! लांबडीनं स्वतः येऊन तिला मिठी मारली तेव्हा तिला समजलं, की आता काही परत येणार नाही. बाहेर आल्यावर सासूबाईंनी आधी लेकीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि मग लांबडीला बाकावर बसवून म्हणाल्या, "खा गो, दमलीस." ती रडत होती. रडत रडतच तिनं सुकट-भाकरी खाल्ली, पुन्हा मागून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताटं मांडली. आम्ही सवयीनं हळू बोलत होतो. ही भिंतीकडे बघत होती, पण खांदा हलत नव्हता. सासूबाईंनी विचारलं, "आज कोन पुढं हाय?" ती म्हणाली, "ती येत नाही आता, आई. आणते मी डोळ्यांसमोर, पण ती गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहते. दमलेल्या माणसाला कसं पळवायचं?" मग तिनं भात कालवला आणि आपली जेवू लागली. जिंकलेली माणसं इतकी एकटी जेवत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या मॅचनंतर तिला बाहेरून बोलावणी आली. आता ती परदेशात सराव करते, मोठ्या स्पर्धा खेळते, अधूनमधून फोनवर दिसते. बोलता बोलता कधी तिचे डोळे लांब जातात तेव्हा मी उगाच काही विचारत नाही; असेल कुणी नवी. घरात मात्र तिच्यावाचून करमत नाही. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. मला तर तिच्या खुर्चीकडे बघून अजून जेवण गोड लागत नाही. संध्याकाळी शेजारचे लूम चालू असतात, आम्ही तिघंचौघं जेवतो, कुणीच हरत नाही.

परवा सासऱ्यांनी त्या मॅचचा फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला. हातात हातोडी आणि खिळा. जेवणाच्या खोलीतली ती भिंत तेवढी मोकळी, म्हणून सरळ तिकडे गेले, खिळा टेकवला. सासूबाई भाकरी थापत होत्या. पिठाच्या हातानं तशाच उठून आल्या.

"तिथं नको," त्या म्हणाल्या. "बॉल लागंल."

सासऱ्यांनी हातोडी खाली ठेवली. फोटो अजून कपाटाला टेकवूनच ठेवलेला आहे.