भाचीचं लग्न आणि गाडीचं चार्जिंग

पेट्रोलच्या गाडीनं मला कधी ताटकळत ठेवलं नाही. पंपावर काच खाली करायची, "फुल कर" म्हणायचं आणि चालू पडायचं. इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून मात्र कुठंही गेलो तरी आधी भिंतीवरचा प्लगचा बोर्ड शोधतो. आमच्या निमोण्यात लोक हसतात आणि मला राग येतो, कारण ते खरंच हसण्यासारखं असतं.

भाचीच्या लग्नात तर या गाडीनं माझा अंत पाहिला. लग्न दौंडच्या कार्यालयात, मुहूर्त दुपारचा आणि मी तिचा एकुलता एक मामा. आमच्याकडं नवरीला मंडपात मामानंच आणायचं असतं. गाडी आदल्या रात्री चार्जिंगला लावून मी निवांत झोपलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. कुणीतरी सदऱ्याला इस्त्री करायला माझ्या गाडीची पिन काढली आणि ती तशीच लोंबत ठेवली. सकाळी सगळे जीपनं पुढं गेले. मी डेअरीला दूध घालून गाडीत बसलो, तर चार्जिंग जेमतेम पाव. तेवढं दौंडपर्यंत पुरेल याची खात्री नव्हती.

मोठा चार्जर यवतजवळ, म्हणजे दौंडच्या उलट्या बाजूला. कसाबसा पोचलो, तर चार्जरच्या पुढ्यात कुणाची तरी डिझेल गाडी आडवी आणि मालक ढाब्यात मिसळ खात बसलेला. त्याला उठवलं, चार शब्द सुनावले. मग चार्जर मोबाइलवरून सुरू करायचा, तर रेंज येईना. अखेर चार्जिंग सुरू झालं आणि बहिणीचा फोन आला.

"दादा, कुठं हायस?"

"यवतला."

"आरं, यवतला काय करतोस?"

तिच्यामागं माईकवरून कुणीतरी पुकारत होतं, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन मंडपात यावं." मी नवा फेटा बांधून ढाब्याच्या बाजेवर बसलो होतो. लाजेनं मेल्यासारखं झालं.

"चुलत्याला उभं करा," मी म्हणालो.

"समदे तेच म्हणत्यात. पण पोरगी खोलीतनं हलंना. मामा आल्याबिगर न्हाई म्हणती."

मुहूर्त टळला. मी पोचलो तेव्हा मंडपातले सगळे मान वळवून माझ्याकडंच बघत होते. गाडी आचाऱ्याच्या मागच्या बोर्डाला लावली आणि धावतच नवरीच्या खोलीकडं गेलो. तिनं माझा हात घट्ट धरला. मंडपात जाईपर्यंत तो सुटला नाही.

जेवणं उरकल्यावर पाठवणीची तयारी सुरू झाली. नवरदेवाची गाडी फुलांनी सजून दारात उभी होती. भाची तिच्याकडं न जाता माझ्याजवळ आली.

"मामा, आम्ही दोघं तुमच्याच गाडीतनं जाणार."

"आगं, किती मोठी गाडी सजवलीय त्यांनी! आन् माझ्या गाडीचं काय, सकाळी बघितलंस ना?"

"म्हणूनच," ती हळूच म्हणाली. "बाकीचे समदे मला सोडून लगीच माघारी निघतील. तुम्हाला तिथं चार्जिंगला थांबावं लागंल."

मला एकदम भरून आलं. बांधलेला फेटा सारखा करायच्या निमित्तानं मी तोंड फिरवलं. जावयांनी मात्र हसत हसत माझ्या गाडीचं दार उघडलं.

तिचं सासर तळेगाव ढमढेऱ्याला. तिथं पोचलो तेव्हा माझ्या गाडीत निमोण्याला परत जाण्याइतकं चार्जिंग शिल्लक होतं. तरी उतरल्या उतरल्या मी व्याह्यांना विचारलं, "बोर्ड कुठंय तुमच्याकडं?"