ग्राफिक्स कार्डाचं कन्यादान

लग्न टिकवायचं असेल तर नवरा-बायकोने एक कॉम्प्युटर वाटून घेऊ नये. एक वेळ टूथब्रश वाटून घ्यावा!

माझी बायको मुग्धा घरांचे आराखडे करते. तिचं थ्रीडी सॉफ्टवेअर चालतं विंडोजवर, आणि मी घरून प्रोग्रामिंग करणारा कट्टर लिनक्सवाला. (हा माझा व्यवसाय नसून आजार आहे, असं आईचं मत.) मांडवीच्या आमच्या फ्लॅटमध्ये दणकट मशीन एकच, त्यात ग्राफिक्स कार्डही एकच. तिला काम करायचं असलं की माझं बंद, मला करायचं असलं की तिचं. रोजची भांडणं!

"कायमचा उपाय करतो," मी जाहीर केलं. "लिनक्सच्या आत तुझ्यासाठी व्हर्च्युअल मशीन बनवतो. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर! तुझं विंडोज त्या पोटात."

"पोटातल्या कॉम्प्युटरवर माझं थ्रीडी हलेल तरी का?"

"म्हणून तर खरं ग्राफिक्स कार्ड थेट त्याच्या ताब्यात द्यायचं! मध्ये कुणी दलाल नाही."

"उद्या साळवीकाका त्यांच्या घराचा आराखडा बघायला येतायत. तोवर हात लावू नकोस."

ती साइटवर गेली आणि मी हात लावला नाही. दोन्ही हात घातले!

साळवीकाकांचं आयुष्य बोटीवर गेलेलं. आता पावसला घर बांधायचं आणि गॅलरीतून समुद्र दिसलाच पाहिजे, ही अट. दिसला तर काम मुग्धाचं, नाहीतर मुंबईच्या आर्किटेक्टचं. सकाळी ते खुर्चीत सावरून बसले, आईने चहा दिला, मी ऐटीत बटण दाबलं. चार ओळी चमकल्या आणि पडदा काळाकुट्ट!

"रात्रीचा समुद्र आहे का हो हा?" काकांनी विचारलं.

"कार्ड गेलं," मी पुटपुटलो.

"जळलं?" मुग्धा किंचाळली.

"छे! दिलं. आतल्या मशीनला. आता बाहेरच्याला पडदाच उरला नाही."

"अरे मेल्या," आई म्हणाली, "घरात एकच होतं ना? दुसऱ्याला देताना आपल्याला काही ठेवावं की नाही?"

"मग आतलं मशीन सुरू कर," मुग्धा म्हणाली.

"त्याची आज्ञा बाहेरच्यावर टाइप करावी लागते."

"कर मग!"

"दिसत नाहीये ना!"

शेवटी देवाचं नाव घेऊन आंधळेपणाने टाइप केलं. आणि काय सांगू, पडदा उजळला! विंडोज आलं! आईने हात जोडले. मी विजयी मुद्रेने माउस हलवला. बाण ढिम्म! कीबोर्ड बडवला. काही नाही! पडदा आतल्याला दिला होता. कीबोर्ड-माउस द्यायचे राहिले होते. ते अजून बाहेरच्याशीच इमान राखून!

"म्हणजे इंजिन या बोटीत आणि सुकाणू त्या बोटीत?" काका म्हणाले. बोट बुडताना पाहणाऱ्या माणसाचा शांतपणा त्यांच्या चेहऱ्यावर होता.

पुन्हा अंदाजाने टाइप केलं, काहीतरी चुकलं आणि होतं तेही मावळलं. आराखडा त्याच मशीनमध्ये! मुग्धाने माझ्याकडे एकदा पाहिलं. (ते शब्दांत सांगता येणार नाही.) मग तिने टेप, दोरी आणि चुन्याची पिशवी उचलली.

"काका, चला प्लॉटवर. खरं घरच दाखवते."

पावसच्या त्या कातळावर तिने भराभरा चुन्याच्या रेघा ओढल्या. ही ओटी, हे स्वयंपाकघर, हे देवघर. दोरीचं दुसरं टोक धरून मी निमूट मागे. गॅलरीच्या जागी एक आंबा उभा होता. शेजारच्या बागेतली शिडी आणून तिने गॅलरीच्या उंचीवर त्याला टेकवली.

"तू धर," ती मला म्हणाली. "तेवढं जमेल ना?"

काका वर चढले. आणि मग वरून आरोळी आली, "दिसला! दिसला गो समुद्र! मुंबईवाल्याला सांगतो, येऊ नको म्हणून!"

खाली उतरून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शिडी झकास धरता हो तुम्ही! हातात एवढी कला असताना कॉम्प्युटरच्या वाटेला कशाला जाता?"

मुग्धा माझी बाजू घेईल म्हणून मी आशेने पाहिलं. ती वही काढून बांधकामावरच्या मदतनिसांत माझं नाव लिहीत होती!