विरोधात एक

विमलताई गेल्याची बातमी मला काशीगावच्या नाक्यावर एका रिक्षावाल्याने दिली. "साहब, वो हाटकेशवाली ताई गुजर गयी," तो म्हणाला आणि न विचारताच रिक्षा त्यांच्या चाळीकडे वळवली. पोचलो तेव्हा त्यांना नेलं होतं... आता महिना होऊन गेला. शोकसभेत एकाने त्यांना 'शांत, मनमिळाऊ' म्हटलं, म्हणून हे लिहितोय. ताई मनमिळाऊ नव्हत्या.

लग्न होऊन मराठवाड्यातून आलेल्या, हाटकेशच्या एका कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या ताई कुठल्याही पक्षाशिवाय नगरसेविका झाल्या, तेव्हा मी नगरपरिषदेच्या सभांचं इतिवृत्त लिहिणारा कारकून होतो. पहिले काही महिने त्या सभेत गप्प असत. पुढ्यातला प्रत्येक कागद मात्र ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचत. मग त्यांच्या वस्तीजवळची, शाळेसाठी राखलेली जागा एका बिल्डरला क्लबसाठी द्यायचा ठराव आला. सगळे हात वर गेले, एक सोडून. मी 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं होतं... खरं सांगायचं तर सकाळीच लिहून ठेवलं होतं.

ताई उभ्या राहिल्या. "माझा विरोध आहे. तसं लिहा."

"एका मताने काय फरक पडतोय, ताई?" अध्यक्ष हसत म्हणाले.

"काहीच नाही ना? मग लिहायला का घाबरताय?"

अध्यक्षांनी मला नजरेनेच 'राहू दे' म्हटलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. ताई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमचं लिहून होईपर्यंत मी बसणार नाही." सभा खोळंबली. कुणी चिडलं, कुणी चहाला निघून गेलं, त्या उभ्याच. शेवटी मी 'सर्वानुमते' खोडून 'बहुमताने' लिहिलं आणि खाली विरोधात त्यांचं एकटीचं नाव. पुढच्याच आठवड्यात माझी पाणीखात्यात बदली झाली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

ठराव मंजूरच झाला, जागेभोवती बिल्डरचे पत्रे लागले. पण त्या पानाची नक्कल घेऊन ताई वरच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिल्या आणि क्लब अडला. दरम्यान निवडणुकीत त्या पडल्या. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "लोकांनी घरी बसवलंय. आता कामं घेऊन घरीच येतील." पुढे त्याच जागेवर शाळा उभी राहिली, तेव्हा उद्घाटनाचं आमंत्रण त्यांना नव्हतं. त्या गेल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. "या खुर्च्या पाहुण्यांच्या आहेत," कुणीतरी सांगितलं. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून नीट बसल्या.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. बाहेरच्या खोलीत त्यांची सून कल्पना एका बाईचा रेशनकार्डासाठीचा अर्ज लिहीत होती. बाईला रेशन कचेरीतून दोनदा परत पाठवलेलं.

"कृपा करून द्यावं, असं लिही गं," बाई म्हणाली.

"कृपा नको, मावशी. सासूबाईंनी हा शब्द या खोलीत कधी लिहू दिला नाही." कल्पनाने 'मिळालंच पाहिजे' लिहिलं, कागद बाईच्या हातात दिला आणि तिच्याबरोबर जायला चपला घातल्या.