जाळीतला बोळा

हे आजवर मी कुठं बोलले नव्हते. माहेरी नाही, देवापुढंही नाही. गेल्या महिन्यात एकदाच तोंडातून निघालं आणि तेव्हापासून छाती हलकी झाली आहे. म्हणून आता लिहूनही ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंतची — तुम्ही वाचाल तसं वाचा.

आमचा जत्रेत फिरणारा पाळणा आहे. दसऱ्यानंतर निघायचं, ते चैत्र संपल्यावर परत. राहायचं ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत. उसाच्या जुन्या ट्रॉलीवर यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, पत्र्याची खोली बांधली आहे. त्यात हे, मी, आमची लहानगी आरू आणि आत्याबाई — माझ्या सासूबाई. ट्रॉली घरही आहे आणि गाडीही, त्यामुळं दोन्हींची दुखणी तिला. कधी पाटा तुटतो, कधी हुकाची पिन झिजते. उन्हाळा निभतो. पण पौषातली थंडी पत्र्यातून सरळ हाडात येते. दार लावून झोपलं की आमच्याच श्वासाचं पाणी पत्र्याला धरतं आणि पहाटे गोधडीवर टपटपतं. म्हणून यांनी छताखाली वीतभर जाळी बसवली आणि नियम घातला — शेगडी दाराबाहेर, जाळी कायम उघडी.

जाळीतून वारा झोंबायचा. आत्याबाई आपल्या जुन्या लुगड्याचा बोळा तिच्यात कोंबायच्या, हे तो काढून ओरडायचे, आणि त्या म्हणायच्या, "तुला काय, तू ढोरावानी झोपतो." आम्ही हसायचो. हे हसणं ध्यानात ठेवा.

तीन वर्षांपूर्वी पुणतांब्याकडच्या एका जत्रेत आरूला खोकला झाला. नदीकाठची ओली थंडी. आत्याबाई तिला कुशीत घेऊन दिवेलागणीलाच झोपल्या. बाहेर गर्दी वाढत होती, मला तिकिटं द्यायला बसायचं होतं. पोरगी झोपेतही आखडलेली. मी पेटती शेगडी आत आणली. बाकाखाली सरकवली. लुगड्याचा तो बोळा जाळीत कोंबला, दार ओढून घेतलं. मला वाटलं — पण काय वाटलं ते कशाला सांगू? नियम मला पाठ होता.

पाळणा फिरत राहिला. मध्येच हे पाण्याची बाटली आणायला ट्रॉलीत गेले आणि दोघींना ओढतच बाहेर आले. आत्याबाईंनी मान टाकली होती. आरू हाक मारली तरी डोळे उघडेना. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कोळशाच्या त्या वायूला वास नसतो, माणसाला कळतच नाही. उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या.

दोघी वाचल्या. मग यांनी विचारलं. मला नाही — आईला. लुगडं तिचं, सवय तिची. दुसरं कोण डोळ्यापुढं येणार? आत्याबाई खाटेवर डोकं धरून बसल्या होत्या. "आठवत न्हाई रे," त्या म्हणाल्या. "मीच केलं आसंल."

मी तिथंच उभी होते. हातात आरूचा स्वेटर होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी स्वेटरची बटणं लावत राहिले — रिकाम्या स्वेटरची.

मी लाजाळू आहे, चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, हे खरं. पण तिथं चारचौघं कुठं होती? घरचीच तर होतो. हे काय म्हणतील याची भीती होती. आणि त्याहून वाईट सांगते — माझ्या जागी दुसरं कुणी उभं आहे हे बघून मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

पुढच्या जत्रेला आत्याबाईंना नेलं नाही. आईचं वय झालं, पोरीला तिच्याजवळ ठेवायला नको, असं हे म्हणाले. त्यांना तिसगावजवळ थोरल्या दिरांकडं सोडलं. मी त्यांची पिशवी भरून दिली.

आमच्यात रीत आहे. नव्या गावात पाळणा उभा राहिला की पहिला फेरा घरातल्या मोठ्या बाईनं एकटीनं घ्यायचा. घरची बाई बसली की लोकांना धीर येतो. तो मान माझ्याकडं आला. पदर तोंडापर्यंत ओढून मी वर जायची. खालून लोक बघायचे. ही बसली म्हणजे भिण्यासारखं काही नाही, असं त्यांना वाटायचं. माझ्याकडं बघून!

यंदा शेवगाव सोडल्यावर ट्रॉलीच्या चाकातलं बेअरिंग गेलं. कशीबशी ओढत दिरांच्या अंगणात आणली. नवं मिळेपर्यंत तिथंच मुक्काम. सकाळी कडाक्याची थंडी होती. आत्याबाई बाहेर आल्या, पत्र्यावरून हात फिरवला. मी चहाला आत बोलावलं.

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "माझा भरवसा न्हाई. कायतरी करून ठिवीन."

त्यांच्या पदराला ओळीनं गाठी होत्या. कशाच्या, म्हणून विचारलं. गॅस बंद केला की एक गाठ मारतात, दाराची कडी लावली की एक. नाहीतर पुन्हा पुन्हा उठून बघावं लागतं, म्हणाल्या. तीन वर्षं ही बाई स्वतःच्याच डोक्यावर पाळत ठेवून होती. कुणामुळं?

हे चाकापाशी उकिडवे बसले होते, ऐकू जाईल इतक्या जवळ. तरी मी बोलले. "आत्याबाई, तुमी न्हाई. शेगडी मी आत नेली. बोळा मी कोंबला. तुमी झोपला हुता."

यांच्या हातातला पाना थांबला. आता आत्याबाई हात उचलतील, असं मला वाटलं.

"म्हंजी माझं डोकं ठीक हाय?"

"ठीक हाय."

"मला येड लागलं न्हाई."

"न्हाई, आत्याबाई."

त्या ट्रॉलीच्या पायरीवर बसल्या आणि गाठी सोडायला लागल्या. थंडीनं बोटं वळत नव्हती, नखानं एकेक उकलत होत्या. मदत करावी असं वाटलं. नाही केली. शेवटची गाठ सुटल्यावर म्हणाल्या, "लई वंगाळ केलंस गं." एवढंच. माझ्या हातचा चहा त्या दिवशी घेतला नाही. हे माझ्याशी बोलले ते दोन दिवसांनी. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण खोटं त्यात काही नव्हतं.

बेअरिंग बसलं. निघताना आत्याबाई गोधडी काखेत मारून ट्रॉलीत चढल्या, कुणी बोलवायची वाट न बघता. पुढच्या गावात पहिला फेरा त्यांनीच घेतला. पदर ओढला नाही. वरूनच यांना ओरडून सांगितलं की डबा करकरतोय, तेल घाल.

आरू आता त्यांच्याजवळ झोपते. दार लावायच्या आधी आत्याबाई उठतात. जाळीला हात लावून वारा येतो का बघतात, मग वाकून बाकाखाली बघतात. मी बघितलंय म्हटलं तरी बघतात. माझ्यावर सोडत नाहीत.

सोडूही नये. वारा तोंडावर येत राहतो आणि मला झोप लागते.